गवतपेढी, कुंपणाची खालची तार आणि बियाण्याची थैली

मागच्या अंकात अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या गवताळ माळांवर एक छोटं टिपण आलं होतं. खासगी संस्था तिथे जमिनी घेऊन माळ पूर्ववत करताहेत, आणि शेजारी पिढ्यान् पिढ्या गुरं राखणारे लोक, म्हणजे तिथले रँचर, काही त्यांच्या सोबत आहेत तर काही ठाम विरोधात, एवढंच त्यात सांगितलं होतं, आणि 'गवतपेढी' हा शब्द ओझरता आला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतले सहा प्रश्न आज घेत आहोत.

प्रश्न : अशी संस्था जमीन घेते म्हणजे नेमकं काय घेते? आणि आपल्याच पैशाने जमीन घेणाऱ्यांना गावकऱ्यांचा विरोध का? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : मोंटानात मिसुरी नदीच्या उत्तरेला फिलिप्स काउंटी (म्हणजे जिल्हा) आहे, माल्टा हे तिथलं मुख्य गाव. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-खटावपेक्षाही कमी. १९०९ च्या कायद्याने इथे माणशी ३२० एकर जमीन वाटली गेली. लोक आले, माळ नांगरला, गहू पेरला. १९१७ पासून सलग दुष्काळ पडले आणि घरंच्या घरं उठून गेली. सोडून दिलेली बरीच जमीन पुढे सरकारने विकत घेतली. त्यामुळे आज नकाशावर खासगी आणि सरकारी जमिनीचे तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे दिसतात.

१९३४ च्या टेलर चराई कायद्याने सरकारी जमिनीवरची चराई परवान्यावर आली, आणि हा परवाना शेजारच्या खासगी 'मूळ जमिनी'ला बांधलेला असतो. मूळ जमीन विकत घेतली की सरकारी चराईच्या परवान्यावर पहिला हक्क येतो. दहा हजार एकर खासगी रान घेणाऱ्याच्या हाती त्याहून जास्त सरकारी माळ येऊ शकतो तो यामुळे. एक गाय वासरासह महिनाभर चरेल एवढ्या गवताला तिथे एक 'चराई-महिना' धरतात. कोरड्या गवताच्या हिशेबात हे सुमारे ३५० किलो होतं. २०१९ ते २०२५ या काळात सरकारी जमिनीवर त्याचा दर १.३५ डॉलर होता, खासगी रानाचं भाडं याच्या कितीतरी पट. परवान्याला एवढी किंमत का, ते यावरून लक्षात येईल.

'अमेरिकन प्रेअरी' ही संस्था २००१ साली सुरू झाली. खासगी आणि सरकारी मिळून सुमारे ३२ लाख एकर माळ सलग जोडायचा, असं तिचं उद्दिष्ट आहे. २००५ साली तिने दक्षिण डकोटातल्या विंड केव्ह राष्ट्रीय उद्यानातून १६ बायसन, म्हणजे तिथले मोठे केसाळ रानबैल, आणले. २०२२ साली केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याने काही सरकारी तुकड्यांवर गुरांऐवजी बायसन चारायला मंजुरी दिली, आणि राज्य सरकारने व पशुपालकांच्या संघटनेने त्याविरुद्ध अपील केलं. रस्त्याकडेच्या कुंपणांवर 'काउबॉय वाचवा' असे फलक आजही दिसतात.

हा विरोध समजून घेतला पाहिजे. बायसनकडून गुरांना गर्भपाताचा रोग होईल ही भीती जुनी आहे. विंड केव्हचा कळप रोगमुक्त होता, तरी भीती जात नाही, कारण यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या कळपात तो रोग आहे. खरा घाव मात्र दुसरीकडे आहे. एक रँच विकला गेला की एक कुटुंब जातं, शाळेतली मुलं कमी होतात, कृषी सेवा केंद्राचं गिऱ्हाईक तुटतं. पंधरा मुलांच्या शाळेतून तीन मुलं गेली की शिक्षकाचीच नोकरी अडचणीत येते. ज्या प्रकल्पाच्या हिशेबात ही शाळा धरलेली नाही तो आमच्या मते अपुरा आहे, त्याच्या रानातलं गवत कितीही सुंदर असो. म्हणून देणगी देण्याआधी संस्थेला एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या रानात आज शेजाऱ्यांची किती गुरं चरतात?

प्रश्न : 'गवतपेढी' हा शब्द त्या टिपणात होता. पेढीत गवत ठेवतात कसं आणि काढतात कसं? (पशुवैद्यक, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : प्रश्न फार आवडला, कारण या साऱ्या खटाटोपातली सगळ्यात शहाणी कल्पना हीच आहे.

माल्टाच्या दक्षिणेला मॅटाडोर नावाचा रँच आहे, मालकीची आणि पट्ट्याची जमीन मिळून सुमारे ६०,००० एकर. 'द नेचर कन्झर्व्हन्सी'ने तो २००० साली घेतला. लगेच दुष्काळ पडला आणि शेजाऱ्यांची रानं खरवडून निघाली. संस्थेकडे गवत होतं, शेजाऱ्यांकडे गुरं होती. २००३ पासून सौदा ठरला: शेजाऱ्याने गुरं मॅटाडोरवर आणावीत, बाजारभावापेक्षा कमी भाडं द्यावं, आणि त्या सवलतीच्या बदल्यात स्वतःच्या रानावर काही गोष्टी पाळाव्यात. न नांगरलेला माळ नांगरायचा नाही आणि घातक तणांचा बंदोबस्त करायचा, या अटी सक्तीच्या. त्यापुढे सवलतीची शिडी आहे. सेज-ग्राउस पक्ष्याच्या नाचाच्या जागा राखल्या तर आणखी सूट, प्रेअरी डॉग या बिळकरी प्राण्याची वसाहत राहू दिली तर आणखी, हरणांना जाता येईल असं कुंपण केलं तर आणखी. म्हणजे संस्थेने एक रान घेतलं, पण राखणी मात्र आजूबाजूच्या कितीतरी रँचवर सुरू झाली, आणि एकही कुटुंब हललं नाही.

व्यवहारात काळजी कुठे घ्यावी लागते ते सांगतो. गुरं पेढीवर आणायची आणि मोकळं झालेलं स्वतःचं रान तिसऱ्याला भाड्याने द्यायचं, ही पळवाट करारातच बंद करावी लागते: किती गुरं आली, त्या बदल्यात घरचं कोणतं रान किती महिने विसावणार, हे नकाशावर रेघ मारून लिहायचं. दुसरी बाब रोगाची. चार मालकांची गुरं एकत्र चरली की वळूंमधून ट्रायकोमोनियासिस पसरतो आणि गायी गाभण राहत नाहीत. एकत्र सोडायच्या आधी प्रत्येक वळूची तपासणी झालीच पाहिजे. तिसरी बाब शेणातून येणाऱ्या तणाची. लीफी स्पर्जसारख्या तणाचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं. तणाच्या रानातून आलेला कळप ४-५ दिवस वाड्यात स्वच्छ चाऱ्यावर ठेवून मगच माळावर सोडायचा. एवढं केलं नाही तर सवलत देऊन तण विकत घेतल्यासारखं होतं.

आणि पेढी म्हटली की शिल्लक आली. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळं गवत वाटून टाकलं तर दुष्काळात द्यायला काही उरत नाही. म्हणून बऱ्या वर्षीही एखादा मोठा तुकडा न चारता ठेवायचा, आणि गुरांची संख्या वसंतातला पाऊस बघून मे-जूनमध्येच ठरवायची. जुलै उजाडल्यावर संख्या कमी करणं म्हणजे उशीर झाला, कारण त्या थंड मुलखात गवताची बहुतेक वाढ जून संपेपर्यंत होऊन जाते.

प्रश्न : रान राखायचं तर कुंपण हवंच. मग प्राण्यांना त्याची अडचण कशी होते? (शेतकरी, बार्शी)

उत्तर : प्राँगहॉर्न नावाचा प्राणी त्या माळावर राहतो. आपल्या काळविटाची आठवण यावी असा, पण कुळ अगदी वेगळं. पळण्यात त्याच्याशी बरोबरी करणारं जनावर त्या खंडात नाही, तरीही तो कुंपणावरून सहसा उडी मारत नाही. खालून सरपटतो. सगळ्यात खालची तार काटेरी आणि जमिनीपासून २५-३० सेंटिमीटरवर असली की त्याच्या पाठीचे केस झडतात, कातडी फाटते, आणि बर्फ साचल्यावर तर वाटच बंद होते. कॅनडातून मिसुरीच्या काठापर्यंत हिवाळ्यात खाली येणारे कळप अशा तारेपाशी अडतात आणि तिथेच उपासमारीने मरतात. ज्या जागी ते रोज सरपटतात तिथे तारेच्या काट्यांना केसांचे पुंजके लागलेले दिसतात आणि खाली मातीत घळ पडलेली असते. बदल कुठून सुरू करायचा हे ठरवायला दुसरं सर्वेक्षण लागत नाही.

चार तारांचं चांगलं कुंपण असं: खालची तार गुळगुळीत, १६ इंचांवर, शक्यतो १८. मधल्या दोन काटेरी, २२ आणि २८ इंचांवर. सगळ्यात वरची तार ४० इंचांवर, फार तर ४२, आणि तीही गुळगुळीत. वरच्या दोन तारांमध्ये निदान १२ इंचांचं अंतर हवं. हे अंतर कमी पडलं की उडी मारणाऱ्या हरणाचे मागचे पाय दोन तारांत अडकून पीळ बसतो आणि ते जागीच लटकून मरतं. खांब साधारण साडेसोळा फुटांवर. मधे तारा बांधणाऱ्या उभ्या काड्या शक्यतो नकोत.

लोक चुकतात ते उंच-सखल जागी. खांबाजवळ मोजलं तर १८ इंच भरतात, पण दोन खांबांच्या मधे उंचवटा असला तर तिथे दहाच उरतात. खांबाजवळ न मोजता मधल्या उंचवट्यावर मोजा. 'एवढ्या उंच तारेखालून वासरं जातील' ही तक्रार नेहमी येते. एखादं वासरू जातंही, पण आई अलीकडे असल्याने परत येतं.

सेज-ग्राउसचे नर वसंतात ठरावीक मोकळ्या जागी पहाटे नाचायला जमतात, अगदी आपल्या माळढोकासारखे. अंधारात खाली उडत येताना ते तारेवर आपटतात. अशा जागेच्या आसपासच्या वरच्या तारेवर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या तीन-तीन इंचांच्या चिपा लावल्या की आपटणं खूपच कमी होतं. खर्च किरकोळ, काम एका दुपारचं. तसंच गुरांच्या पाण्याच्या टाकीत पक्षी बुडतात. त्यांना चढून बाहेर यायला जाळीची उतरंड लावावी, पण ती टाकीच्या भिंतीला चिकटलेली आणि तळापर्यंत पोचलेली हवी. बुडणारं पाखरू भिंतीच्या कडेकडेने फिरतं, मधोमध लोंबणारी जाळी त्याला सापडतच नाही.

आता जीपीएसचे पट्टे गुरांच्या गळ्यात घालून फोनवरच रेघ आखायची सोयही आली आहे. जनावर रेघेजवळ गेलं की आधी आवाज होतो, मग हलका झटका बसतो. मधली कुंपणं काढून टाकायला हे उत्तम. रस्त्याकडेच्या हद्दीवर मात्र तारच हवी.

प्रश्न : एकदा नांगरलेला माळ परत माळ होतो का? बियाणं आणि खर्चाचा हिशेब कळेल का? (कृषी पदवीधर, लातूर)

उत्तर : गवत परत येतं. जुना माळ, त्याच्या मातीवरचं शेवाळ-दगडफुलाचं कवच, शंभर-दीडशे जातींची सरमिसळ आणि माणसाच्या उंचीएवढी खोल मुळं हे आपल्या हयातीत परत येत नाही. म्हणून हाती पैसा थोडा असेल तर तो न नांगरलेला माळ न नांगरलेलाच ठेवण्यावर आधी खर्च करावा. हे मत आम्ही ठामपणे मांडतो.

तरीही पेरायचंच, तर पहिलं काम बियाण्याचं नाही, आधीच्या रहिवाशाला हटवण्याचं. १९३० च्या धूळवादळांनंतर तिथे सायबेरियाकडून आणलेलं क्रेस्टेड व्हीटग्रास हे गवत हजारो एकरांवर पेरलं गेलं. माती धरून ठेवायचं काम त्याने केलं, पण ते दुसऱ्या गवताला जागा देत नाही, आणि बी मातीत पडून राहतं. एका फवारणीने ते मेल्यासारखं दिसतं आणि पुढच्या वसंतात पुन्हा हिरवं होतं. दोन-तीन हंगाम पीक घेऊन किंवा वारंवार मारून बियांचा साठा संपवल्याशिवाय देशी बी टाकू नये. घाईत पेरलेलं महागडं बियाणं वाया जाण्याचं हे पहिलं कारण.

आता थैलीचा हिशेब. वजनावर जाऊ नका, 'शुद्ध जिवंत बी' किती ते पाहा. शुद्धता ९० टक्के आणि उगवणशक्ती ८० टक्के, तर गुणाकार ७२ टक्के. दहा किलो जिवंत बी हवं असेल तर १३.९ किलो थैली घ्यावी लागेल. मिश्रण करतानाही वजनाने फसगत होते. वेस्टर्न व्हीटग्रास या देशी गवताच्या एका किलोत साधारण २.४ लाख बिया, तर ब्लू ग्रामा गवताच्या किलोत त्याच्या सहा-सात पट. सारख्या वजनाने मिसळलं तर शेतात जवळपास सगळं ब्लू ग्रामाच पडेल. बिया मोजूनच मिसळायच्या, चौरस फुटाला साधारण २५-३०. गवतासोबत फुलझाडांचं आणि सेजब्रश या झुडपाचं बीही हवं, नाहीतर नुसतं कुरण होतं, माळ होत नाही.

पेरणीची खोली ६ ते १२ मिलिमीटर, त्याखाली नाही. जमीन घट्ट हवी: बूट घालून चाललं तर टाच १२ मिलिमीटरपेक्षा जास्त रुतू नये. भुसभुशीत वखरलेल्या रानात बी खोल जातं आणि तिथेच मरतं. नीडल-अँड-थ्रेड गवताच्या बियांना लांब कुसं असतात, ती साध्या पाभरीत अडकतात. त्यासाठी आत ढवळणारा दांडा असलेली वेगळी पेटी लागते. बारीक बी तळाला बसू नये म्हणून भाताचं तूस मिसळतात.

पेरणीची वेळ एक तर नोव्हेंबरात, माती इतकी गार झाल्यावर की बी उगवणार नाही, किंवा बर्फ वितळताच. सप्टेंबरात पेरलं तर कोंब वर येतो आणि थंडीने मरतो. पहिल्या वर्षी रान तणाने भरलेलं दिसतं, लोक घाबरतात आणि मोडून टाकतात. मोडू नका. तण ६-८ इंचांवर कापून बियाण्यावर येऊ देऊ नका, एवढंच करा. निदान दोन पूर्ण हंगाम गुरं सोडायची नाहीत. मग रोप चिमटीत धरून ओढून पाहा: पात तुटली आणि मूळ जाग्यावर राहिलं तर चराई चालेल, मुळासकट वर आलं तर आणखी एक वर्ष थांबा.

प्रश्न : राखीव माळावर गुरं चारलीच कशाला? नुसता माळ मोकळा सोडला तर? (विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : तो माळ चराईतच घडलेला आहे, पूर्वी बायसनच्या, आता गुरांच्याही. माउंटन प्लोव्हर पक्ष्याला जवळजवळ उघडी जमीन लागते, बेअर्ड चिमणीला मध्यम उंचीचं गवत आणि थोडा वाळलेला पालापाचोळा. सगळीकडे सारखं चारलं किंवा सारखंच न चारता ठेवलं, दोन्हीत कोणीतरी पक्षी जातो. वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या उंचीचे ठेवायचे. गुरं पाण्यापासून दीडेक किलोमीटरपलीकडे फारशी जात नाहीत आणि ओढ्याचा काठ तुडवतात. म्हणून पाण्याच्या टाक्या दूर आणि मिठाच्या लाद्या पाण्यापासून निदान ४०० मीटरवर ठेवायच्या. बायसन जास्त भटकतात हे खरं, पण लहान कुंपणात ठेवलेले बायसनही रान खरवडतात.

प्रेअरी डॉगचा उल्लेख आला म्हणून जाता जाता. खारीच्या कुळातला हा बिळकरी प्राणी गवत खातो, म्हणून रँचरला नकोसा, पण काळ्या पायांचं फेरेट हे छोटं शिकारी जनावर जवळजवळ सर्वस्वी त्याच्यावरच जगतं. पिसवांमधून येणाऱ्या प्लेगने वसाहतीच्या वसाहती साफ होतात. तो थोपवायला बिळांत पिसूनाशक भुकटी टाकावी लागते, आणि ती पुन्हा पुन्हा.

प्रश्न : आमच्या गावाला गायरान आहे, वाड्यावर मेंढ्या आहेत. इथे यातलं काय लागू पडेल? (मेंढपाळ कुटुंबातले वाचक, सांगोला)

उत्तर : जमीन विकत घेऊन राखायची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी बसत नाही. गायरान सरकारचं, वापर गावाचा. वनजमिनीवर चराईचा आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यात मान्य आहे. तो दावा ग्रामसभेतून करता येतो. गवतपेढीतलं जे तत्त्व आहे, सवलतीच्या बदल्यात विसावा, ते मात्र गायरानाला चपखल बसतं. गायरानाचे चार तुकडे करायचे, जून ते सप्टेंबर आळीपाळीने एक बंद ठेवायचा, आणि ज्याची मेंढरं ती शिस्त पाळतील त्याला दिवाळीनंतर त्या तुकड्यात पहिली चराई. बाहेरून दरवर्षी येणाऱ्या मेंढपाळांच्या वाड्यांना बैठकीत बोलावूनच हे ठरवा. त्यांना वगळून लिहिलेला नियम पहिल्याच हंगामात मोडतो.

माळावर चर खणू नका आणि ग्लिरिसिडियाच्या रांगा लावू नका. 'पडीक' म्हणून नोंदलेल्या माळांवर झाडं लावायची हौस आपल्याला महाग पडली आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. त्या पक्ष्याला चारी दिशांनी दूरवर दिसणारी मोकळी जागा लागते, झाडांची ओळ नव्हे. वेडी बाभूळ असेल तर ती मात्र मुळासकट काढा. नुसती तोडली तर बुंध्यातून पाच-सहा फांद्या फुटतात.

बी गावातलंच घ्या: बांधावर, जुन्या देवराईच्या कडेला, स्मशानाच्या आवारात पवन्या, मारवेल, डोंगरी टिकून असते. दाणा पिकून सहज झडायला लागला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात कणसं ओरबाडून घ्या, सावलीत वाळवा, सुती पोत्यात टांगून ठेवा. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिन्यांची झोप लागते, म्हणून जूनची पेरणीच बरी. उघडं हलकं बी वाऱ्याने आणि मुंग्यांनी जातं. एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती आणि एक भाग वाळू मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, सावलीत सुकवा आणि वळवाच्या पहिल्या सरींनंतर टाका. कुसळी मात्र पेरायची गरज नाही, ती आपोआप येते. तिची कापणी कुसं कडक होण्याआधी उरका, नाहीतर ती मेंढरांच्या लोकरीतून कातडीत शिरतात आणि ओठांना जखमा होतात.